मुलुंडच्या कपाटातलं पॉइंट बत्तीस

संपादकांनी फोनवर अंकाचा विषय सांगितला, 'टाकवत नाही असं काही', आणि मला मुलुंड पूर्वेच्या एका घरातलं स्टीलचं कपाट आठवलं.

२०२४ च्या खंडेनवमीला मी त्या घरी होते. पाटावर लाल कापड, त्यावर एक मायक्रोमीटर, एक व्हर्नियर, लाकडी मुठीचे दोन स्क्रूड्रायव्हर, काकूंची शिवणकामाची कात्री आणि झेंडूच्या दोन फुलांमध्ये सहा गोळ्यांचं एक काळपट रिव्हॉल्व्हर. गोळ्या त्यात नव्हत्या. त्या आदल्या रात्रीच मोजून, वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात गेल्या होत्या. काकांनी एकेका हत्याराला गंध लावलं. रिव्हॉल्व्हरपाशी बोट थांबलं. "याला ओलं लावू नये खरं तर, गंज धरतो," ते म्हणाले आणि तरीही त्यांनी लावलं. एक्केचाळीस वर्षं ते तसंच करत आले होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. वय अठ्ठ्याहत्तर. भांडुपला एलबीएस रोडलगत त्यांचा टर्निंगचा छोटा कारखाना होता, बावीस कामगारांचा. पगार रोखीने व्हायचा आणि कायद्याप्रमाणे सात तारखेच्या आत व्हावाच लागायचा. म्हणजे परिसरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असायचं की कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीतून कापडी पिशवीतून पैसे जाणार आहेत. त्या पट्ट्यातला तो काळ तंग होता. गिरण्यांचा संप १९८२ सालचा, पण घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या कारखान्यांतही युनियनांच्या चकमकी चालू होत्या, आणि पुढे खंडणीचे फोन यायला लागले. खुद्द कामगारनेते दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत, घरापासून जवळच, गोळ्या घालून हत्या झाली. एकदा बँकेच्या पायऱ्यांवरच काकांच्या शेजारच्या कारखानदाराची पिशवी हिसकावली गेली. काकांनी परवान्याला अर्ज केला आणि १९८३ मध्ये हे रिव्हॉल्व्हर घेतलं. जुनंच घेतलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं, .३२ बोअरचं, मधून मोडून उघडणारं.

"कधी वापरलंत?" मी विचारलं.

"रोज. कमरेला असायचं ना." थोड्या वेळाने म्हणाले, "चाप ओढायची वेळ एकदाही आली नाही. रेंजवर काही राऊंड मारले असतील, ते सोडून."

ठाण्याहून आलेली त्यांची मुलगी पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिने तो विषय काढलाच. "बाबा, हे तरी बदलून घ्या. नवीन हलकं मिळतं. नाहीतर देऊनच टाका." काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मायक्रोमीटरवरचं फूल सरळ केलं.

जुहूची पहाट

मुलीचं बोलणं आकाशातून पडलेलं नव्हतं. जेमतेम दहा दिवसांपूर्वी, १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास, अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते निसटून पडलं, गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात शिरली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. ४ तारखेला चाकाच्या खुर्चीत बसून ते रुग्णालयाबाहेर आले आणि जमलेल्यांना त्यांनी हात जोडले.

वाहिन्यांवर दिवसभर नटाची तब्येत चालली. पण ज्या घरांत परवान्याचं हत्यार आहे तिथे त्या सकाळी वेगळीच चर्चा झाली असणार, याची मला खात्री आहे. कोणी हल्ला केलेला नव्हता, कोणी चाप ओढलेला नव्हता. हत्यार जपून ठेवण्याच्या नादातच हा अपघात झाला होता. काकाही आपलं रिव्हॉल्व्हर रोज रात्री असंच उचलून ठेवत, आता ज्यांची बोटं थरथरतात त्या हातांनी.

त्या वर्षी उपनगरांत बंदुकीच्या बातम्यांना तोटा नव्हता. ८ फेब्रुवारीला बोरिवली पश्चिमेला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं निघालं. दसऱ्याच्या रात्री, १२ ऑक्टोबरला, वांद्रे पूर्वेला राजकीय नेते बाबा सिद्दीकी यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेही पोलीस संरक्षण असताना. काकांच्या सोसायटीत दोन्ही बातम्यांवरून दोन टोकाची मतं निघाली. काहींना वाटलं, असल्या शहरात हत्यार हवंच. काहींना वाटलं, पहारा असूनही माणूस वाचला नाही, मग कपाटातल्या लोखंडाचा काय उपयोग? मी दुसऱ्या बाजूची आहे. पण काकांचा प्रश्न या वादातून सुटणारा नव्हता. ते विचारत होते की, हातात असलेल्या या एका वस्तूवर मी विश्वास ठेवू का?

कारागिराच्या टेबलावर

विचारण्याची जागा एकच होती. डिसेंबरात एका सकाळी काका, मी आणि रिकामं रिव्हॉल्व्हर टॅक्सीने दक्षिण मुंबईत गेलो. रिव्हॉल्व्हर पेटीत होतं, परवान्याचं पुस्तक खिशात. दुकान शस्त्रविक्रीचा परवाना असलेलं होतं, आणि मागच्या खोलीत दुरुस्ती करणारे कारागीर बसले होते. साठीचे असतील. वडीलही हेच काम करायचे म्हणाले. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट.

त्यांनी आधी विचारलं, "शेवटचं कधी उघडून पाहिलं होतंत?"

"तेल तर देतो मी दरवर्षी."

"तेल नव्हे. आतून."

काका गप्प राहिले.

पुढचा पाऊण तास मी फार लक्ष देऊन पाहिला, कारण 'विश्वासू' या शब्दाचा अर्थ त्या टेबलावर उलगडत होता. कारागिरांनी खटका दाबून रिव्हॉल्व्हर मधून मोडलं, चेंबर रिकामे असल्याची बोट घालून खात्री केली. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पुढून आत पाहिलं. नळीच्या आतल्या पिळांत बारीक खड्डे होते. "चामड्याच्या म्यानात ठेवता?" त्यांनी विचारलं. काकांनी मान डोलावली. चामडं ओल धरतं. खाडीलगतच्या मुलुंडला पावसाचे चार महिने म्यानात ठेवलेलं पोलाद म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पोलाद. गंधाचा पिवळा थर घोड्याच्या खाचेत बसून घट्ट झाला होता.

मग त्यांनी नळी आणि चरखी यांच्यातली फट मोजायला पातळ पोलादी पात्यांची जुडी काढली. काकांचा चेहरा बदलला. "फीलर गेज," ते पुटपुटले. आयुष्यभर त्यांनी तेच हातात धरलं होतं. त्यांनी ते मागून घेतलं आणि स्वतः एकेक पान सरकवायला लागले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊचं गेलं. बाराचंही गेलं. चरखी अंगठ्याने पुढेमागे ढकलून पाहिली, तेव्हा ती हलत होती, आणि तो हेलकावा त्यांना माझ्याआधी जाणवला. "बेअरिंग गेलेल्या स्पिंडलसारखं," ते म्हणाले.

खरी गोष्ट घोड्याची निघाली. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की घोडा मागे जातो आणि सुटून काडतुसाच्या बुडावर आपटतो. तिथल्या टोपीतली संवेदनशील दारू पेटते. या जातीच्या हत्यारात चाप सोडल्यावर घोड्याने किंचित मागे सरून उभं राहायचं असतं, म्हणजे वरून दणका बसला तरी त्याचं टोक टोपीला भिडू नये. काकांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पुरता मागे येत नव्हता. आतली कड झिजली होती, पट्टीची स्प्रिंग थकली होती. कारागिरांनी चेंबरमध्ये डमी काडतूस घालून, लाकडी हातोडीने घोड्याच्या पाठीवर हलकेच ठोकलं. डमीच्या बुडावर बारीकसा ठिपका उमटला.

"म्हणजे पडलं असतं तर?" मी विचारलं.

"सुटलंच असतं असं नाही. पण नसतंच सुटलं, असं मी लिहून देणार नाही."

जगभर हा धडा असाच, कोणाच्या तरी जिवावर शिकला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडून सुटलं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने घोड्याच्या आड येणारी अडकण नव्याने घडवली. रुगर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरांत अशी पट्टी बसवली, जी चाप पूर्ण ओढलेला असेल तेव्हाच घोड्याचा ठोका पुढे पोचवते. त्याआधी विकलेली हत्यारंही मालकांनी पाठवली तर ती कंपनी फुकट बदलून देते, आणि काढलेले जुने भाग पाकिटात घालून परत करते. मला ही शेवटची गोष्ट फार शहाणपणाची वाटते. बनवणाऱ्याला माहीत असतं की माणूस जुनी वस्तू का सोडत नाही.

पण वेब्ली अँड स्कॉट नावाने १८९७ पासून चालत आलेल्या मूळ इंग्रजी कारखान्याने १९७९ मध्येच बंदुका बनवणं थांबवलं. काकांनी आपलं रिव्हॉल्व्हर कुठे पाठवायचं? सुटे भाग मिळत नाहीत. कारागिराने एखादा घडवून बसवला, तर पुढची जबाबदारी त्याच्या कानशीवर. कारागीर म्हणाले, "करून देईन. पण तोवर सहा भरू नका. पाच भरा, आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा." जुन्या काळी बाळगणारे लोक तेच करत.

परतीच्या टॅक्सीत विक्रोळी येईपर्यंत काका बोलले नाहीत. मग म्हणाले, "मायक्रोमीटर मी दरवर्षी तपासून घ्यायचो. एक थाऊ चुकला तर माल परत यायचा. आणि हे? एक्केचाळीस वर्षांत एकदाही नाही. याने कधी दगा दिला नाही म्हणत राहिलो. त्याची परीक्षा घेतलीच कधी होती?"

कानपूर, खडकी, संडीला

बदलून घ्यायचं तर काय घ्यायचं? इथे आपल्या देशातला बाजार उलटा चालतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. त्यामुळे त्याआधी आलेल्या हत्यारांची संख्या ठरलेली, आणि मागणी मात्र वाढती. जुनी गाडी विकली तर भाव पडतो. जुनं विलायती रिव्हॉल्व्हर विकलं तर तो चढलेला असतो. दुकानदाराने काकांना सरळ सांगितलं, हे घ्या आणि वर नवीन कानपुरी घ्या, तरी तुमच्या हातात पैसे उरतील. यात एक धोका आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. चढ्या भावामुळे झिजलेलं हत्यार मोडीत जातच नाही. ते या हातातून त्या हातात फिरत राहतं, नाव मोठं म्हणून.

नागरिकांना मिळणारं देशी .३२ वर्षानुवर्षं कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत होत आलं, तेही वेब्लीच्याच घडणीवरचं, मधून मोडणारं. काडतुसांची गोष्ट आपल्या घरची. काकांच्या डब्यातल्या पितळी बुडांवर 'केएफ' ही अक्षरं कोरलेली होती: किरकी फॅक्टरी, म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांचं जुनं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी पुण्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि कानपूर दुसऱ्या कंपनीकडे.

कानपूरनेच जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' काढलं, दिल्लीच्या निर्भयाची आठवण सांगत, बायकांसाठी म्हणून. साधारण पाचशे ग्रॅम वजन आणि तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. एवढे पैसे आणि परवाना ज्या बाईला मिळू शकतो तिला रात्रीच्या लोकलच्या डब्यात एकटीने बसावं लागत नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. सुमारे सातशे ग्रॅम, ७६ मिलिमीटर नळी, आणि चरखी बाजूला झुकून उघडणारी. मधून मोडण्याची भानगडच नाही, त्यामुळे मधल्या बिजागराचा झिजणारा सांधाही नाही. २०२० च्या सुमारास वेब्ली अँड स्कॉटचं नावही भारतात परत आलं; उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भारतीय भागीदाराबरोबर त्यांनी उत्पादन सुरू केलं. काकांना नाव ऐकून आनंद झाला. लगेच म्हणाले, "नाव तेच. हात वेगळे."

घाटकोपरचा सौदा

बदलून घेतलेला माणूसही भेटावा म्हणून मी घाटकोपरला एका सराफांकडे गेले. त्यांनी पाच वर्षांपूर्वी वडिलांचं जड रिव्हॉल्व्हर देऊन हलकं देशी घेतलं होतं. दुकान बंद करताना, हिशेबाची वही मिटत ते बोलत होते.

"पप्पांचं होतं त्याचा झटका हाताला कळायचाच नाही. हे उसळतं."

कारण साधं आहे. काडतूस तेच, दारू तेवढीच. हत्यार जितकं हलकं तितका झटका मनगटावर जास्त. खिशात सोपं, हातात अवघड. त्याला उपाय एकच, सराव. आणि उपनगरातल्या परवानाधारकाचं घोडं तिथेच अडतं. नेम धरायला वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, दादरला सावरकर स्मारकात खेळाडूंसाठी सोय आहे. पण घाटकोपरहून दुकान टाकून किती वेळा जाणार? काडतुसंही परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत मिळतात आणि स्वस्त नसतात. पाच वर्षांत त्यांनी बारा गोळ्या झाडल्या होत्या.

"मग हे का ठेवलंय?"

"विमा कशाला काढतो आपण?" असं म्हणून ते थांबले. "पण विम्याचा हप्ता मी भरतो. इथे सराव हाच हप्ता, तो भरलेला नाही." हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, मी काही न विचारता.

पंचेचाळीस दिवस

कपाटातली जुनी हत्यारं कपाटातच राहतात, याचं अर्धं कारण माया आणि अर्धं कागद.

हत्यार परवान्यावर चढलेलं असतं: बनावट, बोअर, नंबर. १९५९ च्या शस्त्र कायद्याने तो कोरलेला नंबर खरवडणं हाही गुन्हा ठरवला आहे. खासगी माणसाने दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं. मुंबईत परवाने देतात पोलीस आयुक्त, म्हणजे मुलुंड असो वा बोरिवली, कागद शेवटी क्रॉफर्ड मार्केटसमोर पोचतो. जुनं हत्यार परवान्यावरून कमी होणार, नवीन घेतलं तर ते चढणार, पत्ता बदलला असेल तर तो निराळा.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. दुसऱ्या बदलाने फेऱ्या वाचल्या हे खरं. पण काकांच्या वयाला पाच वर्षं म्हणजे किती, याचा विचार कोणता अर्ज करतो? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मिळालेल्या मुदतीत माणसाची नजर, पकड, झोप सगळं बदलून जातं. माझ्या मते तपासणी हत्याराचीही व्हावी आणि हाताचीही, तीही मुदतीच्या मध्यावर.

निवडणुका आल्या की आणखी एक फेरी. २०२४ मध्ये मुंबईत मे महिन्यात लोकसभेचं आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. आचारसंहितेच्या काळात छाननी समिती ठरवते त्याप्रमाणे परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा होतात. काकांना दोन्ही वेळा जमा करावं लागलं. पावती घेतली, निकालानंतर परत आणलं. दुसऱ्यांदा, विधानसभेच्या वेळी, ते परत आणायला त्यांनी आठ दिवस उशीर केला. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "ते आठ दिवस हे रात्री उठले नाहीत. नाहीतर दोनदा कपाट बघून यायचे." ही गोष्ट त्यांनी काकांना कधीच सांगितली नव्हती.

मी ती काकांना सांगितली. ते बराच वेळ हसले, मग चष्मा पुसत बसले.

अर्ज

जानेवारीत काकांनी ठरवलं. नवीन घ्यायचं नाही. जुनं ठेवायचंही नाही. पगाराची पिशवी बँकेच्या खात्यात गेली त्याला कितीतरी वर्षं झाली, कारखाना २००९ मध्येच विकला गेला, मग कमरेला काय लावायचं आणि कशासाठी? मुलीला वाटलं बाबा दुखावले. मला तसं दिसलं नाही. खराब झालेलं यंत्र चालू ठेवणं त्यांच्या हाडात नव्हतं, एवढंच.

दुरुस्ती मात्र त्यांनी आधी करवून घेतली. विकायचंच आहे तर दुरुस्तीला पैसे कशाला, असं दुकानदाराने विचारलं. कारागिरांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी कड घडवली, स्प्रिंग बदलली, आणि पुन्हा डमीवर ठोकून दाखवलं. या वेळी ठिपका उमटला नाही.

घेणारे नाशिक जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार निघाले, परवाना असलेले, चाळिशीतले. पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर पंचेचाळीस दिवस काकांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने घोड्याच्या खाचेतलं गंध पुरतं काढलं. चामड्याचं म्यान दिलं नाही. "यात ठेवलं तर पुन्हा गंजेल," म्हणाले आणि ते मायक्रोमीटरच्या खणात टाकलं.

पेटीत रिव्हॉल्व्हरखाली त्यांनी एक कागद ठेवला. जॉबकार्डवर लिहीत असत तशा सुट्या, ठळक अक्षरांत. मी तो त्यांच्या परवानगीने उतरवून घेतला आहे.

'नळी-चरखी फट बारा थाऊ, मर्यादेवर. चरखी पुढेमागे हलते, दुरुस्तीने थोडी कमी झाली, गेलेली नाही. नळीत गंजाचे खड्डे. घोडा २०२५ मध्ये दुरुस्त, पुढची तपासणी वर्षाने करावी. मी केली नव्हती. पाचच भराव्यात. ओलं गंध लावू नये.'